कायदे आले, कायदेमंडळ आले नाही: ब्रिटिश विधिनिर्मिती आणि वसाहतींचा अनुभव

विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटनमध्ये कायदे करण्याची पद्धत कशी घडत गेली, ती वसाहतींत कशी पोचली आणि तिचा परिणाम आज कितपत उरला आहे? पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर बहुधा मॅग्ना कार्टापासून, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या इंग्रजी सनदेपासून, सुरू होते आणि भारतीय संविधानापाशी संपते, जणू एकच प्रवाह अखंड वाहत आला. दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही बाजूंची कामे अनेक वर्षे चालवल्यानंतर माझे मत वेगळे झाले आहे. ब्रिटनने वसाहतींना कायद्यांचा मजकूर दिला. तो मजकूर ज्या वादविवादातून तयार होतो, आणि नकोसा झाल्यावर ज्या वादविवादातून रद्द होतो, ती व्यवस्था मात्र गोऱ्या वस्तीच्या वसाहती सोडल्या तर फार उशिरापर्यंत दिली नाही. आपल्या न्यायालयांत आजही जे जुने अवशेष वकिलांना भेटतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या तफावतीत आहे.

प्रथम इंग्लंडविषयी. तिथेही आरंभी कायदा राजाचाच असे. लोकप्रतिनिधी, म्हणजे कॉमन्स, राजाकडे अर्ज करीत. राजाने तो मान्य केला की अधिवेशन संपल्यावर राजाचे अधिकारी त्यावरून कायद्याचा मसुदा लिहीत. या मधल्या टप्प्यात अर्जात मागितलेले एक आणि कायद्यात उतरलेले भलतेच, असे वारंवार होई. १४१४ मध्ये कॉमन्सनी पाचव्या हेन्रीकडे मागणी केली की आमच्या संमतीवाचून आमच्या अर्जाचा अर्थ बदलला जाऊ नये. पुढे त्याच शतकात अर्जाऐवजी कायद्याचा पूर्ण मसुदाच राजापुढे ठेवण्याची रीत पडली आणि आज आपण ज्याला विधेयक म्हणतो ते तिथून सुरू झाले. राजाने होकार द्यावा किंवा नकार द्यावा, मजकुराला हात लावू नये, हा त्यामागचा हिशेब होता. १६८९ च्या हक्कविषयक कायद्याने संसदेच्या संमतीवाचून कायदा तहकूब करणे आणि कर बसवणे बेकायदा ठरवले, आणि १७०८ नंतर तर कोणत्याही राजाने किंवा राणीने संसदेने संमत केलेल्या विधेयकाला संमती नाकारलेली नाही. ही संसद फार काळ मूठभर जमीनदारांची होती, हे विसरून चालणार नाही. १८३२ च्या निवडणूक सुधारणेनंतरही मताधिकार थोड्या पुरुषांपुरताच होता. तरीही विधेयकाची तीन वाचने, समितीतली कलमवार छाननी, दुसऱ्या सभागृहात पुन्हा तीच प्रक्रिया आणि बाहेर वृत्तपत्रांतली टीका, एवढ्या चाळणीतून प्रत्येक कायद्याला जावे लागे. ज्यांच्यावर कायदा लागू व्हायचा त्यांच्यापैकी काही जण तरी तो करणाऱ्यांच्या सभेत बसलेले असत.

वसाहतींच्या बाबतीत कायद्याने सुरुवातीपासूनच दोन वर्ग पाडले. जिथे इंग्रज लोक स्वतः वस्ती करून राहिले, तिथे ते इंग्लंडचा कायदा आणि आपली प्रतिनिधिसभा बरोबर घेऊन जातात, असे मानले जाई. व्हर्जिनियात अशी सभा १६१९ मध्येच भरली. जिंकलेल्या किंवा तहाने मिळालेल्या मुलखात मात्र जुना कायदा चालू राहील आणि तो बदलण्याचा अधिकार राजाकडे असेल, हा नियम होता. १६०८ च्या कॅल्व्हिन खटल्यात न्यायाधीश कोक यांनी त्याला एक भयंकर अपवाद जोडला होता: जिंकलेले राज्य ख्रिस्ती नसेल तर तिथला कायदा आपोआप संपतो. १७७४ मध्ये ग्रेनाडा बेटावरील निर्यातीवर लावलेल्या साडेचार टक्के करासंबंधीच्या कॅम्बेल विरुद्ध हॉल या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी तो अपवाद मूर्खपणाचा ठरवून बाजूला सारला आणि आणखी एक मोलाचे तत्त्व सांगितले: राजाने एखाद्या वसाहतीला प्रतिनिधिसभा देण्याचे वचन एकदा दिले की, त्यानंतर तो तिथे स्वतःच्या हुकमाने कायदे करू शकत नाही. कर बेकायदा ठरला. मात्र हे तत्त्व वचन मिळालेल्यांच्याच उपयोगाचे होते, आणि भारताला तसे वचन कोणीही दिलेले नव्हते.

आपल्याकडे या कहाणीचा पहिला अंक मुंबईतच घडला. पोर्तुगीजांकडून विवाहाच्या तहात मिळालेले बेट १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने दिले, आणि १६७२ मध्ये गव्हर्नर जेरल्ड आँजियर याने तिथला पोर्तुगीज कायदा संपवून इंग्रजी कायदा लागू केल्याचे जाहीर केले. (उलट गोव्यात पोर्तुगिजांची १८६७ ची नागरी संहिता पुढे भारतीय कायद्याचा भाग होऊन आजही चालू आहे, एकाच किनाऱ्यावरच्या दोन वारशांची ही तुलना अभ्यासकांनी जरूर करावी.) १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तिन्ही शहरांत मेयरची न्यायालये आली. त्यावरून पुढे असा नियम रूढ झाला की, त्या वर्षापर्यंतचा इंग्रजी कायदा या शहरांना लागू आहे आणि नंतरचे कायदे स्पष्ट उल्लेख असेल तरच लागू होतील.

हा नियम म्हणजे केवळ पुस्तकी काथ्याकूट नव्हता, हे महाराजा नंदकुमारांच्या खटल्यात दिसले. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप करणाऱ्या नंदकुमारांवर १७७५ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात खोट्या दस्तऐवजाचा खटला चालला आणि त्या वर्षीच्या ५ ऑगस्टला त्यांना फाशी झाली. दस्तऐवज बनावट करण्याबद्दल देहदंड देणारा कायदा इंग्लंडमध्ये १७२९ मध्ये, म्हणजे त्या सनदेनंतर, संमत झालेला होता. लंडनच्या व्यापारी पतव्यवहाराला संरक्षण देण्यासाठी केलेला तो कायदा बंगालमधल्या माणसाला लागू होतो का, ज्या समाजात असा अपराध देहदंडाचा कधीच नव्हता तिथे तो लावावा का, हे प्रश्न तेव्हाही विचारले गेले आणि फाशीनंतर इतिहासकार व कायदेपंडित त्यावर शतकभर भांडत राहिले.

या पार्श्वभूमीवर मला मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे काम फार महत्त्वाचे वाटते, आणि मराठी वाचकांनी ते दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या सावलीतून बाहेर काढून वाचावे असे मी नेहमी सांगतो. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर हा सगळा मुलूख कंपनीकडे आला. एल्फिन्स्टनने इथल्या पंचायतींची, जातींच्या रूढींची आणि देशमुखी-पाटिलकीच्या वतनांची चौकशी करवून घेतली. त्यातून १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी २७ विनियमांची संहिता तयार झाली. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत अजून दुरुस्त्या केलेला इस्लामी फौजदारी कायदाच चालू होता; मुंबई इलाख्याला मात्र १८२७ चा चौदावा विनियम म्हणजे स्वतःची फौजदारी संहिता मिळाली. दिवाणी दाव्यांसाठी चौथ्या विनियमाच्या २६ व्या कलमात क्रम घालून दिला होता. पार्लमेंटचा कायदा किंवा सरकारी विनियम असेल तर तो प्रथम. तो नसेल तर ज्या प्रदेशात दावा उद्भवला तिथली रूढी. रूढीही सापडली नाही तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. रूढीला शास्त्रग्रंथांच्या आधी स्थान देणारा हा क्रम मुंबई इलाख्याचे वैशिष्ट्य ठरला, आणि वतन, दत्तक, वारसा यांच्या जुन्या दाव्यांचे निकाल वाचणाऱ्याला त्याची गाठ पदोपदी पडते.

त्याच संहितेत पंचविसावा विनियमही होता. राज्याच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास सरकारने कोणालाही, त्याच्यावर खटला न भरता, कैदेत ठेवावे, अशी तरतूद त्यात होती. इथल्या समाजाचा इतका सहानुभूतीने अभ्यास करणाऱ्या प्रशासकाच्या संहितेत हे कलम का असावे, याचे उत्तर सोपे आहे. ती संहिता करणाऱ्यांपुढे उभे राहून प्रश्न विचारणारी सभाच नव्हती. गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल, म्हणजे जे राज्य चालवत तेच कायदा लिहीत होते. ज्याच्या हातात तुरुंगाच्या किल्ल्या आहेत त्यानेच कायदा लिहिला, की असे कलम त्यात येतेच.

१८३३ च्या सनदी कायद्याने इलाख्यांचा कायदे करण्याचा अधिकार काढून तो गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलकडे एकवटला आणि कौन्सिलमध्ये कायद्यासाठी एक सभासद नेमला. हा पहिला सभासद मेकॉले. मॅक्लाउड, अँडरसन आणि कॅमेरॉन या सहकाऱ्यांसह त्याने केलेला दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये सादर झाला. तो दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिला, आणि १८५७ च्या उठावानंतर, बार्न्स पीकॉकने केलेल्या दुरुस्त्यांसह, ६ ऑक्टोबर १८६० ला संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. मेकॉले ते पाहायला जिवंत नव्हता. या संहितेचे गुण मी मोकळेपणाने मान्य करतो. प्रत्येक गुन्ह्याची नेमकी व्याख्या, तिच्यासोबत अ, ब, क यांची उदाहरणे, आणि एकच शिक्षा-व्यवस्था, यामुळे तालुक्याच्या न्यायालयातल्या वकिलालाही कायदा हाताशी मिळाला. दीडशेहून अधिक वर्षे लाखो खटले ज्या मजकुरावर चालले आणि तो मूळ रचनेत टिकला, ते लेखन सामान्य नव्हे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये अशी संहिता तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. खुनाचा गुन्हा तिथे अजून न्यायालयीन परंपरेतून आलेल्या कायद्याखालीच चालतो. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा लिहिणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन इंग्लंडला परतल्यावर तिथल्यासाठी फौजदारी संहिता लिहू लागला. पार्लमेंटने ती स्वीकारली नाही. वकील, न्यायाधीश आणि लोकप्रतिनिधी यांच्या हरकतींतून ती तरलीच नाही, आणि शेवटी तिचा उपयोग १८९२ मध्ये कॅनडाने केला. भारतात मात्र स्टीफनच्या कार्यकाळात काही वर्षांत कायद्यांमागून कायदे झाले, कारण हरकत घेणारे कोणी नव्हते. संहिताकरणाच्या या वेगाचे कौतुक करताना त्याची ही किंमतही मांडली पाहिजे.

कायदेमंडळाची इच्छा इथे नव्हती असे नाही. १८५३ च्या सनदी कायद्याने कौन्सिलला कायद्यापुरते वेगळे रूप दिले, आणि डलहौसीच्या काळात ते पार्लमेंटच्या धर्तीवर चालू लागले: बैठका जाहीर, विधेयके समितीकडे, सभासदांची भाषणे छापील. सगळे सभासद इंग्रज आणि बहुतेक सरकारी असूनही ते सरकारला प्रश्न विचारू लागले. लंडनला हे रुचले नाही. भारतमंत्री चार्ल्स वुड यांच्या पुढाकाराने आलेल्या १८६१ च्या कायद्यात परिषदेचे काम समोर आलेल्या विधेयकापुरतेच राहील, तिने कारभाराची चौकशी करू नये, असे बंधन आले. त्याच कायद्याने गव्हर्नर-जनरलला परिषदेवाचून सहा महिन्यांचा वटहुकूम काढण्याचा अधिकार दिला. भारतीय सभासदांची नेमणूक प्रथम याच कायद्याखाली होऊ लागली, म्हणजे सभेचे अधिकार छाटले गेले तेव्हाच आपल्याला सभेत जागा मिळाली.

हे सगळे एकत्र येऊन काय घडते, ते १८९७ च्या पुण्यात जवळून पाहता येते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. २८ जानेवारी १८९७ ला कलकत्त्यात साथरोग विधेयक मांडले गेले आणि ४ फेब्रुवारीला ते संमतही झाले; मधे एक आठवडा. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तीनशेहून अधिक कलमे होती आणि स्थानिक संस्थांची कर्तव्ये, नुकसानभरपाई, अपिले हे सारे त्यात बारकाईने लिहिले होते. आपल्या कायद्यात फक्त चार कलमे. सरकारला आवश्यक वाटेल ते सर्व करता येईल, आज्ञा मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या कलम १८८ प्रमाणे शिक्षा होईल आणि सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, हे त्याचे सार. नागरिकाला काय हक्क, घराची झडती कोणी घ्यावी, याबद्दल मूळ कायद्यात एक ओळ नाही. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात ब्रिटिश अधिकारी रँड याच्या प्लेग समितीने लष्कराकरवी घरझडत्या घेतल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

त्यानंतर सरकारने दोन जुनी हत्यारे काढली. पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या त्याच पंचविसाव्या विनियमाखाली खटल्यावाचून कैदेत टाकण्यात आले. एल्फिन्स्टनच्या संहितेतले ते कलम सत्तर वर्षांनी कामाला आले. आणि १५ जूनच्या 'केसरी'तल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. राजद्रोहाचे हे कलम, १२४-अ, मेकॉलेच्या मसुद्यात होते, १८६० च्या संहितेतून ते वगळले गेले आणि १८७० मध्ये स्टीफनने ते घातले. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे नऊ जणांची ज्युरी बसली, तिच्यात सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने टिळक दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. या आकड्यांपाशी थोडे थांबावे. इंग्लंडमध्ये त्या काळी फौजदारी खटल्यात ज्युरीचे एकमत अनिवार्य होते, आणि बहुमताचा निर्णय तिथे १९६७ पर्यंत चालत नसे. म्हणजे हाच खटला, हीच ज्युरी आणि हीच मतविभागणी लंडनला असती, तर टिळकांना दोषी ठरवताच आले नसते. भारताच्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मात्र नऊपैकी सहा जणांचे मत आणि न्यायाधीशाची सहमती पुरेशी मानली होती. मूळ गुन्ह्याची कल्पना इंग्लंडमधून आली, पण तिच्यासोबत असलेले ज्युरीचे संरक्षण वाटेतच काढून टाकले गेले. पुढे १८९८ मध्ये कलम दुरुस्त करून न्यायमूर्तींनी ज्युरीला सांगितलेला व्यापक अर्थच त्यात लिहिला गेला, आणि १९०८ मध्ये त्याच कलमाखाली टिळकांना सहा वर्षे मंडालेला जावे लागले.

इंग्लंडने राजद्रोहाचा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात त्याचा अर्थ हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरता आवळला, आणि मे २०२२ मध्ये त्याखालची कारवाई स्थगित ठेवायला सांगितले. साथरोग कायदा तर मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी पुन्हा बाहेर काढला, तो १८९७ चाच. त्याच्या अपुरेपणाची जाणीव झाली तेव्हा आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांबाबतची दुरुस्ती वटहुकुमाने आली.

कायदे थबकण्याचे याहून बोलके उदाहरण कौटुंबिक न्यायालयात रोज दिसते. पती किंवा पत्नीने नांदायला यावे असा हुकूम देण्याची तरतूद ना धर्मशास्त्राच्या व्यवहारात होती ना पंचायतीच्या. ती इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आली, १८५७ मध्ये तिथल्या दिवाणी न्यायालयाकडे गेली आणि प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे वसाहतींची शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या न्यायपीठाच्या, १८६७ च्या निकालाने भारतातही मान्य झाली. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंवर असा दावा मुंबई उच्च न्यायालयात आणला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळताना म्हटले की, जी स्त्री कधी नांदलीच नाही तिला बळाने पाठवणे अमानुष आहे आणि इंग्लंडमधून आणलेला हा उपाय आणखी पुढे ताणण्याचे कारण नाही. अपिलात निकाल उलटला. मार्च १८८७ मध्ये आदेश झाला की एका महिन्यात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करू असे सांगितले. आता तारखांकडे पाहा: हुकूम न पाळल्याबद्दल कैद करण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्येच, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, काढून टाकली होती. लंडनमधल्या पार्लमेंटने एका कायद्याने केलेली सुधारणा मुंबईतल्या दिवाणी प्रक्रिया संहितेला लागू नव्हती, आणि इथे ती आणायला कोणाला घाई नव्हती. १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई लंडनला वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. आपल्याकडची कैदेची तरतूद १९२३ मध्ये गेली. इंग्लंडने हा उपायच १९७० मध्ये कायद्याने संपवला. आपल्या हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ मात्र आजही जागेवर आहे, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.

प्रत्यक्ष व्यवहारात या कलमाचा उपयोग संसार जुळवण्यासाठी क्वचितच होतो. पत्नीने पोटगीचा अर्ज केला की पतीकडून कलम ९ चा अर्ज येतो, कारण 'मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही' असे म्हणून पोटगी टाळता येईल अशी आशा असते. हुकूम झाल्यावर वर्षभर पाळला गेला नाही की तोच घटस्फोटाचा आधार होतो, म्हणून काही वेळा दोन्ही पक्ष मनात घटस्फोट ठेवूनच तो मिळवतात. केवळ असा हुकूम झाला आणि पत्नी गेली नाही एवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट करावे लागले. चर्चच्या शिस्तीसाठी घडलेला उपाय पोटगीच्या डावपेचात वापरला जातो, हे मी कित्येक अशिलांच्या बाबतीत पाहिले आहे, आणि त्यात भरडली जाते ती बहुतेक वेळा पैशाने कमजोर असलेली बाजू.

भारतात तयार झालेले कायदे पुढे इतर वसाहतींत गेले, हेही सांगितले पाहिजे. दंडसंहिता १८७१ मध्ये स्ट्रेट्स सेटलमेंट्सने (सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का मिळून झालेल्या ब्रिटिश वसाहतीने) घेतली, म्हणून आजच्या सिंगापूर आणि मलेशियात खुनाची शिक्षा कलम ३०२ मध्ये आणि फसवणूक कलम ४२० मध्येच सापडते. श्रीलंकेने १८८३ मध्ये आणि सुदानने १८९९ मध्ये तिचे रूपांतर केले. मलेशियाचा करार कायदा आपल्या १८७२ च्या कायद्यावर आधारलेला आहे. केनियात १८८२ चा भारतीय मालमत्ता हस्तांतरण कायदा २०१२ पर्यंत चालू होता. झांजिबारमधल्या ब्रिटिश न्यायालयावरची अपिले काही काळ मुंबई उच्च न्यायालयात येत, आणि एडनही दीर्घकाळ मुंबई इलाख्याचाच भाग होते. कलकत्त्यात परकीय परिषदेने केलेला कायदा दुसऱ्या वसाहतीत गेला तेव्हा तिथल्या लोकांचा त्यातला सहभाग आणखी एका पायरीने कमी झाला. गोऱ्या वस्तीच्या वसाहतींचा मार्ग याच काळात वेगळा झाला: १८६५ च्या कायद्याने त्यांच्या विधिमंडळांचे कायदे केवळ इंग्रजी कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांशी विसंगत आहेत एवढ्यावरून बाद होणे थांबले, आणि १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्यांना लंडनच्या बरोबरीचे स्थान मिळाले.

स्वातंत्र्यानंतर काय झाले याची तुलना करायची असेल तर कॅरिबियन बेटांकडे पाहावे. तिथल्या अनेक संविधानांत जुन्या कायद्यांना मूलभूत हक्कांपासून संरक्षण देणारी तरतूद घातली गेली. त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये १९२५ च्या वसाहतकालीन कायद्याने खुनाला फाशी हीच एकमेव शिक्षा आहे. न्यायाधीशाला पर्याय नाही. ही शिक्षा क्रूर असूनही त्या संरक्षक तरतुदीमुळे ती रद्द करता येत नाही, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २००४ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये म्हटले. ज्या ब्रिटनने स्वतः खुनासाठी फाशी १९६० च्या दशकात संपवली, त्याच देशातले न्यायाधीश आपल्या जुन्या वसाहतीतला कायदा कायम ठेवायला बांधलेले आहेत.

आपल्या संविधानकारांनी हा मार्ग घेतला नाही. अनुच्छेद ३७२ ने जुने कायदे चालू ठेवले, पण अनुच्छेद १३ ने ते सर्व मूलभूत हक्कांच्या कसोटीखाली आणले. दंडसंहितेच्या कलम ३७७ चा संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांना लागू होणारा भाग सप्टेंबर २०१८ मध्ये याच कसोटीवर बाद झाला. दोन गोष्टी मात्र आपण जवळजवळ जशाच्या तशा ठेवल्या: प्रतिबंधक स्थानबद्धता, जिला अनुच्छेद २२ मध्ये जागा मिळाली, आणि वटहुकूम, जो १८६१ पासून १९३५ च्या कायद्यामार्गे अनुच्छेद १२३ पर्यंत आला. माझ्या मते दंडसंहितेतल्या कोणत्याही एका कलमापेक्षा हा वारसा अधिक खोल आहे, कारण तो कायदा करण्याच्या पद्धतीविषयीचा आहे. वसाहतीच्या सरकारला सभेची अडचण वाटे म्हणून जी सोय निर्माण झाली, ती निवडून आलेल्या सरकारांनाही सोयीची वाटत आली आहे.

म्हणूनच १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेकडे पाहताना मी केवळ कलमांचे बदललेले क्रमांक पाहत नाही. तिची विधेयके ऑगस्ट २०२३ मध्ये मांडली गेली, गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेली आणि समितीतल्या काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिकाही जोडल्या. हा भाग योग्य झाला. पण डिसेंबरमध्ये अंतिम चर्चा आणि मतदान झाले तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून शंभराहून अधिक विरोधी खासदार निलंबित होते. राजद्रोह हा शब्द गेला आणि सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आले, ज्याची व्याप्ती किती हे आता न्यायालयांना ठरवावे लागत आहे. अशा कलमाच्या प्रत्येक शब्दावर सभागृहात भांडण व्हायला हवे होते, आणि ते भांडण ज्या बाकांवरून व्हायचे ती बाके बरीचशी रिकामी होती.

विद्यार्थ्याला व्यावहारिक सूचना द्यायची तर एवढीच: कोणताही जुना कायदा हाती घेतला की कलमे वाचण्याआधी तो कोणत्या परिषदेत, किती दिवसांत आणि कोणाच्या उपस्थितीत झाला ते पाहावे, आणि तोच विषय ब्रिटनमध्ये नंतर कधी बदलला याची तारीख शेजारी लिहून ठेवावी. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंडसंहितेखालीच चालणार असल्याने पुढची बरीच वर्षे दोन्ही संहिता टेबलावर ठेवूनच काम करावे लागेल. त्या काळात ही सवय लावून घेता येईल.